परदेशी व्यंगचित्रं आपल्या अंकात: विचारणेच्या पत्रापासून छापील पानापर्यंत

आमच्या एका दिवाळी अंकात एका कवितेखाली थोडी जागा उरली होती. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं एक सुंदर चित्र आम्ही तिथे बसवलं. जागेत मावेना म्हणून खालची पट्टी कापली आणि बाजूला बारीक अक्षरात ‘इंटरनेटवरून साभार’ असं छापलं. जानेवारीत त्या चित्रकाराचा मेल आला. सोबत आमच्याच पानाचा फोटो होता. त्यानं शांतपणे दोनच प्रश्न विचारले होते: परवानगी कुणी दिली, आणि माझी सही का कापली? पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. दुसरा वाचून मात्र मला खरोखर लाज वाटली, कारण ती पट्टी कापताना तिथे सही आहे हे मी पाहिलं होतं.

आम्ही त्याला मानधन दिलं आणि पुढच्या अंकात दिलगिरी छापली. त्यानंतर हे काम रीतसर कसं करतात ते मी शिकत गेले. सांगलीत बसून, छोट्या साप्ताहिकाच्या आणि दिवाळी अंकाच्या बजेटमध्ये ते करता येतं. मला माहिती तुकड्यातुकड्यानं मिळाली. तुम्हाला ती एकत्र मिळावी म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या जिल्ह्याचं या कलेशी जुनं नातं आहे. शं. वा. किर्लोस्कर हे ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक होते आणि स्वतः व्यंगचित्रंही काढायचे. ते मासिक किर्लोस्करवाडीहून निघायचं. रेल्वेच्या एका छोट्या स्टेशनाशेजारून महाराष्ट्रभर चित्रं जात होती, तर जगभरची चित्रं आपल्या वाचकापर्यंत आणणं आपल्याला जड का वाटावं?

१. आधी ठरवा, नेमकं काय हवंय

‘कार्टून पाहिजे’ एवढं म्हणून भागत नाही. मराठीत आपल्याकडे चांगले वेगळे शब्द आहेत, ते वापरून आधी स्वतःशी स्पष्ट व्हा. राजकीय व्यंगचित्र बातमीवर बेतलेलं असतं आणि आठवड्यात शिळं होतं. हास्यचित्र माणसाच्या स्वभावावर असतं, ते वर्षानुवर्षं ताजं राहतं. चित्रपट्टीत तीच पात्रं रोज किंवा दर आठवड्याला भेटतात, ती एकदा सुरू केली की मध्येच बंद करता येत नाही, वाचक विचारायला येतात. अर्कचित्र म्हणजे एखाद्या व्यक्तीचा चेहरा, ते त्या व्यक्तीवरच्या लेखासोबतच शोभतं.

साप्ताहिकाला माझा सल्ला असा: पहिले सहा महिने चित्रपट्टीच्या वाटेला जाऊ नका. महिन्याला दोन-तीन चित्रं घ्या, तीही शक्यतो शब्दविरहित. दिवाळी अंकासाठी दहा-बारा हास्यचित्रं एकदम घ्या. गणेशोत्सवात मंडपात व्यंगचित्रांचं प्रदर्शन लावणाऱ्या मंडळांनीही हे वाचावं. मोठं करून फ्लेक्सवर लावणं हाही वापरच आहे, त्यालाही परवानगी लागते.

२. सिंडिकेट म्हणजे काय आणि कुणाकडे जायचं

सिंडिकेट म्हणजे चित्रकार आणि वर्तमानपत्रं यांच्यामधला दुवा. चित्रकार आपलं काम त्यांच्याकडे देतो, ते अनेक देशांतल्या अनेक पत्रांना ते छापण्याचा हक्क विकतात, आणि आलेल्या पैशातला वाटा चित्रकाराला मिळतो. हा वाटा निम्मा-निम्मा असण्याची जुनी पद्धत आहे. एकच चित्र शंभर ठिकाणी छापलं जातं म्हणून प्रत्येकाला ते परवडतं. तुम्ही चित्र विकत घेत नसता, एका ठरावीक वापराचा हक्क घेत असता. या एका वाक्याचा विसर पडला की पुढच्या सगळ्या चुका होतात.

अमेरिकेतल्या जुन्या संस्थांपैकी किंग फीचर्स १९१५ पासून आहे. वेताळाच्या गोष्टी मराठीत आल्या त्या याच संस्थेच्या हक्कांतून. चित्रपट्ट्या हव्या असतील तर किंग फीचर्स, अँड्र्यूज मॅकमील आणि क्रिएटर्स ही नावं लक्षात ठेवा.

जगभरच्या राजकीय चित्रकारांसाठी वेगळी दारं आहेत. जेरी रॉबिन्सन यांनी १९७८ मध्ये ‘कार्टूनिस्ट्स अँड रायटर्स सिंडिकेट’ सुरू केलं. पुढे त्यातूनच ‘कार्टूनआर्ट्स इंटरनॅशनल’ हे नाव रूढ झालं. हे रॉबिन्सन म्हणजे बॅटमॅनच्या गोष्टींतला जोकर घडवणाऱ्यांपैकी एक. पण मला ते दुसऱ्या कारणानं जवळचे वाटतात. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या दोघा मित्रांचं नाव त्यांच्याच पात्रावरून गायब झालं होतं. ते १९७५ मध्ये परत छापलं जावं म्हणून जी मंडळी झटली, त्यांत रॉबिन्सन पुढे होते. दुसऱ्याच्या नावासाठी भांडलेल्या माणसानं सिंडिकेट काढलं, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते.

डॅरिल केगल यांचं ‘केगल कार्टून्स’ छोट्या पत्रांना सोयीचं, कारण त्यांच्या ‘पोलिटिकलकार्टून्स डॉट कॉम’वर एकेक चित्रही घेता येतं. मेक्सिकोत राहणारे मूळचे क्युबाचे अँजेल बोलिगान यांची शब्दांवाचून बोलणारी चित्रं तिथे आहेत. भारतातले परेश नाथ यांची चित्रंही याच सिंडिकेटमार्फत जगभर गेली आहेत. नेदरलँड्समधलं ‘कार्टून मूव्हमेंट’ २०१० पासून आहे आणि तिथे युरोप-अमेरिकेबाहेरचे चित्रकार भरपूर भेटतात. निखळ हास्यचित्रांसाठी ब्रिटनमधून सुरू झालेलं ‘कार्टूनस्टॉक’ पाहा, तिथे विषय टाकून शोधता येतं.

‘कार्टूनिंग फॉर पीस’ हे नावही कानावर येईल. फ्रेंच चित्रकार प्लांत्यू आणि संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या पुढाकारानं २००६ मध्ये ते उभं राहिलं. ते मुळात चित्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणारं जाळं आहे. शाळा-कॉलेजात प्रदर्शन करायचं असेल तर त्यांच्याशी बोला.

थेट चित्रकारालाही लिहिता येतं. बरेच जण मोकळेपणानं उत्तर देतात. पण तो एखाद्या सिंडिकेटशी बांधलेला असेल तर ‘त्यांच्याकडून घ्या’ असंच सांगेल, आणि त्यावर घासाघीस करू नये.

३. ‘फुकट’ चित्रांच्या वाटा आणि त्यातले खड्डे

गुगलवर सापडलं म्हणजे मोफत, हा सगळ्यात मोठा गैरसमज. कॉपीराइटबाबतच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात भारत आहे, त्यामुळे परदेशी चित्रकारालाही आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळतं. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘साभार’ लिहिल्यानं काही सुटत नाही. साभार म्हणजे आभार मानून घेतलेलं, आणि ज्यानं दिलंच नाही त्याचे आभार कसले?

काही चित्रकार आपली चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवतात, म्हणजे काही अटी पाळून कुणालाही ती फुकट वापरू देतात. त्यात ‘नॉन-कमर्शियल’ शब्द आहे का पाहा. असेल तर किंमत आणि जाहिराती असलेल्या अंकात ते चित्र घेऊ नका, आधी विचारा.

समीक्षेसाठी कायद्यात सवलत आहे. एखाद्या चित्राबद्दलच तुम्ही लेख लिहिताय, त्याची चर्चा करताय, तर ते चित्र योग्य मर्यादेत दाखवता येतं. बातमीशेजारी पान सजवायला वापरलं तर ती सवलत लागू होत नाही.

आणि एक खरोखर मोकळी वाट आहे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजली की हक्क संपतो. ब्रिटनमध्ये गाजलेले व्यंगचित्रकार डेव्हिड लो १९६३ मध्ये वारले. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या हयातीत छापली गेलेली चित्रं आपल्याकडे खुली झाली. हिटलर-मुसोलिनीला चित्रांतून झोडपणारे हेच लो. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे दोघांनीही त्यांना मानलं. छापील अंकासाठी ही मोठीच मिळकत आहे. वेबसाइटवर टाकताना मात्र थांबा, कारण ब्रिटनमध्ये मुदत सत्तर वर्षांची आहे.

४. विचारणेचं पत्र

पहिल्या मेलमध्येच सगळं लिहिलं तर उत्तर लवकर येतं. मी पहिल्यांदा ‘आम्हाला तुमची चित्रं आवडतात, दर कळवा’ एवढंच लिहिलं होतं, आणि मग तीन आठवडे प्रश्नोत्तरं चालली. पत्रात हे असू द्या:

- अंकाचं नाव, भाषा, प्रकाशनाचं गाव, साप्ताहिक की वार्षिक
- छापील खप, खरा आकडा
- चित्राचा क्रमांक किंवा दुवा, पानावरचा अंदाजे आकार, आतल्या पानावर की मुखपृष्ठावर
- रंगीत की कृष्णधवल
- फक्त छापील, की ई-पेपर, वेबसाइट आणि समाजमाध्यमंही
- चित्राची ओळ मराठीत भाषांतर करून छापायची आहे, हे ठळकपणे
- प्रकाशनाची तारीख

खपाबद्दल दोन शब्द. जाहिरातदारांना सांगायचा आकडा आणि खरा आकडा वेगळा ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे दर खपावर ठरतो. फुगवलेला आकडा सांगितलात तर पैसे जास्त जातील, कमी सांगितलात तर फसवणूक होईल. तीन हजार प्रती असतील तर तीन हजारच लिहा. छोट्या पत्राला बहुतेक जण परवडेल असा दर सांगतात, हा माझा अनुभव आहे.

दिवाळी अंकासाठी हे पत्र आषाढातच जायला हवं. श्रावणात उत्तर, भाद्रपदात पैसे आणि फाईल, पितृपंधरवड्यात पानं लागलेली, असा हिशोब धरा. नवरात्रात पत्र पाठवणाऱ्यानं त्या वर्षी आशा सोडावी.

५. परवान्यातल्या ओळी वाचणं

उत्तरासोबत एक-दोन पानांचा करार किंवा अटी येतात. इंग्रजीला घाबरू नका. या गोष्टी शोधा: किती वेळा छापता येईल, कोणत्या भाषेत, कोणत्या प्रदेशात, किती मुदतीसाठी, कोणत्या माध्यमात, आणि चित्रात बदल चालेल का.

आपल्या कायद्यानुसार परवाना लेखी हवा. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत, असं धरलं जातं. पण परदेशी करारात बहुधा त्यांच्याच देशाचा कायदा लागू होईल असं कलम असतं. म्हणून ‘आपला कायदा आहेच की’ यावर विसंबू नका, दोन्ही गोष्टी लिहून घ्या.

ई-पेपर ही नेहमीची ठेच आहे. आपण अंकाची पीडीएफ सहज ग्रुपवर टाकतो आणि ती सांगलीहून शिकागोच्या भाच्याकडे पोचते. परवाना छापील अंकापुरता असेल तर हे उल्लंघन झालं. एक तर डिजिटल हक्क घ्या, नाहीतर पीडीएफमधून ते चित्र वगळा. तसंच, पुढे कधी निवडक साहित्याचं पुस्तक काढायचा विचार असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी लागेल.

कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सुद्धा ध्यानात ठेवा. हक्क विकल्यावरही चित्रकाराला आपलं नाव लावून घेण्याचा आणि चित्राची मोडतोड रोखण्याचा अधिकार उरतो. आमच्या कापलेल्या सहीचा प्रश्न याच कलमाखाली येत होता.

६. पैसे पाठवणं

हा भाग रूक्ष आहे, पण लोक इथेच अडकतात.

परदेशी संस्थेला चित्राच्या हक्कापोटी दिलेली रक्कम रॉयल्टी धरली जाते आणि ती देताना कर कापून सरकारकडे भरायची जबाबदारी आपली असते. प्राप्तिकर कायद्यात २०२३ पासून हा दर २० टक्के आहे, वर अधिभार-उपकर. अमेरिकेशी असलेल्या भारताच्या कर-करारात तो १५ टक्के आहे. करारातला कमी दर हवा असेल तर समोरच्या संस्थेकडून ती करासाठी त्या देशाची रहिवासी असल्याचा दाखला आणि फॉर्म १०एफ मागवावा लागतो. आपल्याकडे टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, हवा. बँकेतून पैसे पाठवण्याआधी १५सीए हा प्राप्तिकर खात्याचा फॉर्म भरावा लागतो. वर्षभरातल्या अशा रकमा पाच लाखांच्या आत असतील तर त्याचा छोटा भाग पुरतो आणि सीएचं १५सीबी प्रमाणपत्र लागत नाही. हे क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात क्रमांकांची फेररचना झाली आहे, म्हणून ते पाठ करू नका. सीएला ‘परदेशी रॉयल्टीचं काम आहे’ असं सांगा. परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जनं, म्हणजे घेणाऱ्यानंच भरायचा, जीएसटी येतो का, हेही त्याच बैठकीत विचारा.

‘आम्हाला पूर्ण रक्कम मिळाली पाहिजे, कर तुमचा’ अशी ओळ करारात असेल तर हिशोब बदलतो. शंभर डॉलर त्यांच्या हातात पडायला १५ टक्क्यांच्या दरानं तुमचा खर्च ११७ डॉलर ६५ सेंट धरावा लागतो. ही ओळ सही करण्याआधी दिसली पाहिजे.

वेबसाइटवर कार्डानं एक चित्र घेतलं म्हणजे कर कापण्याची जबाबदारी संपली, असंही नाही. बँकेतून पाठवताना मधल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात आणि समोर रक्कम कमी पोचते. सगळं शुल्क आपल्या बाजूनं भरायचा पर्याय अर्जावर असतो, तो निवडा. पहिल्या वर्षी आमचं पेमेंट कमी पडलं, म्हणून फाईल अडकून राहिली, आणि उरलेल्या किरकोळ रकमेसाठी पुन्हा तेवढाच बँकखर्च झाला.

म्हणूनच एकेक चित्र सुटं घेऊ नका. वर्षाची यादी करा, एकच बिल मागा, एकदाच पैसे पाठवा.

हाताशी ठेवायची कागदपत्रं अशी: अंकाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, प्रकाशकाचं पॅन आणि टॅन, असल्यास जीएसटी क्रमांक, सिंडिकेटचं बिल, सही झालेला परवाना, त्यांचा रहिवासी दाखला आणि १०एफ, १५सीएची पोच. बँकेत काउंटरवर ‘व्यंगचित्र’ म्हटलं की लोक गोंधळतात. बिलावर ‘छपाईसाठी कॉपीराइट परवाना’ असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जाताहेत ते सांगणारा क्रमांक, निवडताना वाद होत नाही.

७. निवड करताना

परवानगी मिळाली म्हणजे जबाबदारी गेली, असं होत नाही. न्यूयॉर्क टाइम्सचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २५ एप्रिल २०१९ च्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत आंतोनियो या पोर्तुगीज चित्रकाराचं चित्र आलं. इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू कुत्र्याच्या रूपात, गळ्यात डेव्हिडचा तारा हे ज्यूंचं चिन्ह, आणि मागे काळा चष्मा व ज्यू टोपी घातलेले ट्रम्प. चित्र सिंडिकेटमधून रीतसर घेतलेलं होतं. एकाच संपादकानं पुरेशा देखरेखीविना ते निवडलं होतं. चित्र ज्यूद्वेषी ठरलं, पत्राला माफी मागावी लागली आणि १ जुलै २०१९ पासून त्या आवृत्तीनं रोजचं राजकीय व्यंगचित्रच बंद केलं. ज्यांचा त्या चित्राशी काहीही संबंध नव्हता, त्या पात्रिक शापात आणि हेंग या चित्रकारांची जागा त्यात गेली. एवढ्या मोठ्या पत्रात हे घडतं.

आमचा नियम त्यावरून ठरला: प्रत्येक परदेशी चित्र किमान दोघांनी पाहायचं, आणि त्यातला एक संपादकीय विभागाबाहेरचा हवा. आमच्याकडे जुळणी करणाऱ्या ताई पाहतात. त्यांच्या नजरेतून जे सुटत नाही ते आम्हा ‘जाणत्यां’च्या नजरेतून अनेकदा सुटलेलं असतं.

नकाशा दिसला की भिंग घ्या. परदेशी चित्रांत भारताचा नकाशा बहुधा आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाही, काश्मीरच्या रेषा वेगळ्या असतात. असा नकाशा छापणं १९६१ च्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमानुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पृथ्वीचा गोल काढलेल्या पर्यावरणाच्या चित्रातही हे लपलेलं असतं. तिरंगा आणि राजमुद्रा यांचंही तसंच, त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. धर्म आणि समाज यांबाबत भारतीय न्याय संहितेतली १९६ आणि २९९ ही कलमं, बदनामीसाठी ३५६. ‘चित्र बाहेरच्या माणसानं काढलंय’ हा बचाव होत नाही, छापणारे आपण असतो.

कायद्यापलीकडचीही एक गोष्ट आहे. २०१९ च्या महापुरानंतरच्या दिवाळीत हवामानबदलावरचं एक हास्यचित्र माझ्या निवडीत होतं. घर पाण्यात बुडालंय आणि कौलांवर बसलेला माणूस निवांत गळ टाकून मासे धरतोय. चित्र उत्तम होतं, पैसेही दिले होते. पण कृष्णाकाठच्या ज्या माणसानं पोराबाळांसह छपरावर बसून बोटीची वाट पाहिली, तो हे पान उघडणार होता. मी ते काढलं. तीन वर्षांनी परवाना नव्यानं घेऊन तेच छापलं, तेव्हा लोकांना आवडलं. दूरच्या विनोदाला आपल्या गावात कोणता दिवस चालेल, हे सिंडिकेटला कळणार नाही.

८. मराठी ओळ

यातलं खरं लेखनाचं काम इथे आहे, आणि मला सगळ्यात जास्त आनंदही यातच मिळतो.

आधी चित्रातली चिन्हं वाचा. अमेरिकी चित्रात हत्ती म्हणजे रिपब्लिकन पक्ष आणि गाढव म्हणजे डेमोक्रॅटिक. थॉमस नास्ट यांनी १८७० च्या दशकात ही चिन्हं रुळवली. सांगलीच्या वाचकाला मात्र हत्ती दिसला की गणपती आठवतो, नाहीतर आपल्याकडचं निवडणूक चिन्ह, आणि गाढव ही सरळ शिवी वाटते. घुबड तिकडे शहाणपणाचं, इकडे अपशकुनाचं. ढगांत दाराशी वही घेऊन बसलेला दाढीवाला म्हणजे त्यांचा संत पीटर. आपला वाचक त्याला चित्रगुप्त समजतो, आणि विनोद बहुतेक वेळा तसाही पोचतो. अशा वेळी ओळीत नाव घालूच नका. पीटर लिहिलं तर वाचक अडेल, चित्रगुप्त लिहिलं तर खोटं होईल.

मग चित्र झालेले वाक्प्रचार येतात. दिवाणखान्यात भला मोठा हत्ती उभा आहे आणि कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही. इंग्रजी वाचकाला कळतं की उघड दिसणारी अडचण सगळे टाळताहेत. आपल्याला ते कळत नाही. पुढारी रस्त्यात रिकामा डबा लाथेनं पुढे ढकलत चाललाय, म्हणजे निर्णय उद्यावर टाकतोय. असल्या चित्रांवर तीन ओळींचा खुलासा लिहावा लागत असेल तर चित्र सोडून द्या. खुलाशानंतर हसू येत नाही. एका ओळीत भागत असेल तर घ्या. डबा लाथाडणाऱ्या पुढाऱ्याखाली ‘अहवाल आल्यावर बघू’ एवढं पुरतं, पण ही ओळ आपण नव्यानं घातलेली आहे, म्हणून ती सिंडिकेटला कळवून मंजुरी घ्या.

नेमकं भाषांतर करतानाही मराठी कानानं ऐका. निर्जन बेटावर अडकलेले दोघे हा जगभरच्या हास्यचित्रकारांचा आवडता प्रसंग. एक दुसऱ्याला म्हणतो, ‘किमान इथे नेटवर्क उपलब्ध नाही.’ हे शब्द बरोबर आहेत आणि ओळ मेलेली आहे. ‘इथे रेंज नाही, तेवढं बरं’ म्हटलं की माणूस बोलायला लागतो.

इंग्रजीत ‘यू’ एकच आहे. आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतून निवडावं लागतं, आणि त्यातच नातं उघड होतं. नवरा-बायको कोणत्या पिढीतले आहेत? डॉक्टर पेशंटला ‘तुम्ही’ म्हणेल, राजा प्रधानाला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? चित्रातले कपडे, वय, बसण्याची पद्धत पाहून ठरवा. चुकीच्या सर्वनामानं अख्खा विनोद घसरलेला मी पाहिलाय.

शब्दांवरची कोटी असेल तर ती ओलांडून नेण्याचा अट्टहास करू नका. तिच्याऐवजी आपली कोटी घालण्याचा मोह होतो, आणि स्थानिक आमदाराचं नाव पात्राच्या तोंडी घालण्याचाही. ते भाषांतर राहत नाही. चित्रकाराच्या तोंडी आपण आपलं मत घातलेलं असतं, आणि त्याची सही त्याखाली असते. मला हे अप्रामाणिक वाटतं. स्थानिक विषयावर बोलायचं असेल तर मिरजेत, साताऱ्यात, आपल्या कॉलेजांत चित्र काढणारी मुलं आहेत. त्यांना मानधन द्या.

चित्रातल्या संवादाच्या फुग्यातला मजकूर पुसून मराठी अक्षरं बसवायची असतील तर स्वतंत्र परवानगी मागा. ती नसेल तर चित्र जसंच्या तसं ठेवून खाली मराठी ओळ द्या. मला दुसरी रीतच आवडते, कारण चित्रकाराच्या हाताची अक्षरंही चित्राचाच भाग असतात.

९. फाईल, छपाई, श्रेय

सिंडिकेटकडून मोठी फाईल येते, साधारण ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची. वेबसाइटवरचं छोटं चित्र ताणून वापरू नका. रंगीत चित्र कृष्णधवल छापायचं असेल तर आपण रंग काढून टाकण्याऐवजी कृष्णधवल आवृत्ती मागा, ती बऱ्याचदा तयार असते. लाल झेंड्यावर बेतलेलं चित्र करड्या रंगात अर्थ गमावून बसतं, तेवढंही पाहा.

फक्त रेषांचं चित्र असेल तर प्रेसमध्ये सांगा की काळा रंग काळ्याच प्लेटवर हवा. आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, फाईल तशीच पाठवली तर काळी रेष चार प्लेटांत फुटते, न्यूजप्रिंटवर प्लेटा जराशा हलल्या की रेषेला लाल-निळी किनार येते. पान सुंदर दिसावं म्हणून चित्र उलटं फिरवू नका. सही उलटी होते, झेंडे आणि उजवे-डावे हात बदलतात. आणि कडेनं कापू नका. मावत नसेल तर मजकूर कमी करा.

श्रेयओळ करारात जशी दिली आहे तशीच, त्याच लिपीत छापा. खाली चित्रकाराचं नाव आणि देश देवनागरीत द्या, उच्चार शोधून. फाईलच्या माहितीत मूळ तारीख, मूळ ओळ आणि नाव बहुधा भरलेलं असतं, जुळणी करताना ते उघडून पाहायची सवय लावा.

१०. छापल्यावर

अंक निघाला की आठवड्याच्या आत त्या पानाची पीडीएफ सिंडिकेटला पाठवा, आणि मराठी ओळीचा इंग्रजी अर्थ सोबत द्या. एक छापील प्रत टपालानं चित्रकारालाही पाठवा, त्यांच्यामार्फत पत्ता मिळतो. मागवलेलं एखादं चित्र छापलं गेलं नसेल तर तेही कळवा, काही जण ती रक्कम पुढच्या अंकात वळती करतात.

प्रत्येक चित्रासाठी एक पाकीट करा: परवाना, बिल, पैशांची पोच, छापलेलं पान, आणि बाहेर ठळक अक्षरात परवाना संपण्याची तारीख. आमची पाकिटं तळमजल्यावर नाहीत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. सांगलीत कागद ठेवायचे तर एवढी काळजी घ्यावीच लागते. ज्यांची सही मी कापली होती, त्या चित्रकाराच्या नावाचं पाकीट त्यात सगळ्यात जाड आहे. त्यांनी नंतर आम्हाला चार चित्रं दिली.